जुन्या ऑटोमॅटिकचा आवाज नुसता चढतो, गाडी ओढत नाही. गिअरबॉक्स उघडायचा का?

गोडोलीकर

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत हवी आहे.

वडिलांची गाडी आहे. २०११ ची छोटी हॅचबॅक, पेट्रोल, ४ गिअरची ऑटोमॅटिक, ९६ हजार किलोमीटर झालेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा कंपनीवर जाते, आणि इतकी वर्षं निमूट चाललेल्या गाडीला नावं ठेवायची माझी इच्छा नाही.

गेल्या रविवारी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढताना पहिल्यांदा जाणवलं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिनाचा आवाज एकदम चढला, काटा ४ हजारावर गेला, पण गाडीचा वेग होता तेवढाच. दोन-तीन सेकंदांनी हिसका बसला आणि गाडी पुढं निघाली. तेव्हापासून सपाटीवरही दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना असंच होतं. सकाळी गाडी थंड असताना रिव्हर्स टाकला की लगेच धरत नाही. मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत थांबावं लागतं.

गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी बघायची पट्टी काढून बघितली, "ऑइल फुल आहे, म्हणजे आतल्या प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल" म्हणाले. अंदाज ७० हजारांच्या पुढे. गाडीची किंमतच आता दीड लाखाच्या आसपास असेल.

विकून टाका म्हणणं सोपं आहे. पण बाबांचा डावा गुडघा मागच्या वर्षी बदललाय, क्लच दाबायचा म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी येते. आठवड्यातून दोनदा कोरेगावच्या रानात ते स्वतः जातात. ते बंद झालं तर माणूस घरात बसून खचेल, ही माझी खरी काळजी आहे.

प्रश्न एवढाच: उघडायच्या आधी अजून काय तपासता येईल?

मिरजकर

क्लच प्लेट गेली असणार. सरळ बदलून टाका, ८-१० हजारात काम होतं.

अदालतवाडा

मिरजकर, ती एएमटीची गोष्ट झाली. २०१४ पासून ज्या स्वस्त ऑटोमॅटिक आल्या, त्यात मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो आणि क्लच दाबायचं काम मशीन करतं. तिथं प्लेट बदलता येते. धागाकर्त्यांची २०११ ची आणि ४ गिअरची आहे, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात प्लेट नाही, तेल आहे. आत क्लच प्लेटांचे गठ्ठे असतात, पण ते तेलात बुडालेले आणि तेलाच्याच दाबानं दाबले जातात. ते बदलायचे तर गिअरबॉक्स खाली उतरवून खोलावाच लागतो.

मिरजकर

असं होय. मागं घेतो की मग.

स्मिता वाई

माझी एएमटीच आहे आणि सज्जनगडाच्या चढाला अगदी असाच आवाज चढतो. म्हणजे माझी प्लेट का?

अदालतवाडा

ताई, जळका वास येत असेल तर शक्यता दाट. चढावर थांबताना ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवायची सवय असेल तर एएमटीची प्लेट फार लवकर जाते. ती सवय आधी मोडा.

दहाबाराचा पाना

गोडोलीकर, घाई करू नका. मी शारजात ११ वर्षं निव्वळ ऑटोमॅटिकच्या गॅरेजात काढली, आता कराडला असतो. तुमच्या मजकुरातलं एकच वाक्य मला खटकलं: "पट्टी काढून बघितली, ऑइल फुल आहे."

पट्टी काढली तेव्हा इंजिन चालू होतं की बंद? गाडी गरम होती की थंड?

हे विचारतोय कारण बहुतेक टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल इंजिन चालू ठेवून बघायचं असतं. इंजिन बंद केलं की कन्व्हर्टरमधलं आणि वरच्या वाटांमधलं बरंच तेल चेंबरमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं आणि पट्टीवर पातळी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. प्रत्यक्षात लिटरभर कमी असलं तरी फिटरला वाटतं भरलंय.

रीत अशी. गाडी १५-२० मिनिटं चालवून गरम करा. सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर. इंजिन चालूच ठेवून दांडा पी पासून एल पर्यंत आणि परत असा सावकाश फिरवा, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन सेकंद थांबत. मग दांडा तुमच्या पुस्तकात सांगितलाय तिथं ठेवा. काही गाड्यांना पी, काहींना एन. आता पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि काढून बघा. 'हॉट' लिहिलेल्या दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. पुसायला सुती चिंधी घेऊ नका, तिचे धागे आत गेले की व्हॉल्व्ह अडकतात.

तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, दाब कमी पडतो, गठ्ठे घट्ट दाबले जात नाहीत आणि घसरतात. चढावर तेल मागं सरकतं, म्हणून पहिल्यांदा घाटात जाणवतं. सकाळी रिव्हर्स उशिरा धरणं हेही त्याच घरातलं लक्षण. प्लेटा गेल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. पण पातळी नीट बघितल्याशिवाय ७० हजाराची गोष्ट करणं चूक आहे.

कृष्णाकाठ

काकांशी असहमत. आमच्या होंडाला गरम करून, इंजिन बंद करून, साधारण मिनिट-दीड मिनिटाच्या आत पट्टी बघायची असते. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. तुमचं ऐकून कुणी होंडाची पट्टी इंजिन चालू ठेवून बघेल आणि जास्त तेल ओतून बसेल.

दहाबाराचा पाना

कृष्णाकाठ, तुमचं बरोबर आहे, होंडाची रीत वेगळी आहे. म्हणूनच 'बहुतेक' लिहिलं होतं, पण ठळक लिहायला हवं होतं. ज्याच्या त्याच्या गाडीचं पुस्तक हेच खरं. आणि जास्त तेलही वाईटच: फिरते भाग त्यात घुसळतात, फेस होतो, फेसाला दाब येत नाही, गाडी परत घसरते.

हळदबाजार

सांगलीतला अनुभव सांगतो, विषय थोडा बाजूचा आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं तेव्हा आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये मेहुण्याची ऑटोमॅटिक उभी होती. आयर्विन पुलावरचं पाणी वाढतंय हे ऐकत होतो, पण आमच्या गल्लीपर्यंत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. चार दिवस गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात. पाणी ओसरल्यावर इंजिनाचं ऑइल बदललं, प्लग पुसले, बॅटरी घातली आणि गाडी सुरू झाली. केवढा आनंद झाला होता! गिअरबॉक्सचं तेल बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दीड महिन्यात गाडी घसरायला लागली. पट्टी काढली तर लाल तेलाच्या जागी गुलाबी दूध.

नंतर कळलं की गिअरबॉक्सला श्वास घ्यायला वर एक नळी असते, तिथून पाणी शिरतं. आतल्या प्लेटांवर कागदासारखा थर डिंकानं चिकटवलेला असतो, पाण्यानं तो सुटतो. सुरू करण्याआधी तेल काढून धुतलं असतं तर कदाचित वाचला असता. आमचा नाही वाचला.

दहाबाराचा पाना

हळदबाजार, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. असं गुलाबी दूध पुराशिवायही होतं. रेडिएटरच्या पोटातच गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी असते. जुन्या रेडिएटरमध्ये ती आतून फुटली की कूलंट तेलात जातं. गोडोलीकर, तुम्ही रंगही बघा. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका आणि पाच मिनिटं थांबा. तांबूस, स्वच्छ पसरला तर उत्तम. तपकिरी असेल तर तेल म्हातारं झालंय. काळा, मध्ये कणांचा ठिपका आणि वास जळका, तर प्लेटा झिजल्यात.

शाहूपुरी

वाखूसा (वाचनखूण साठवली). इतकी वर्षं ऑटोमॅटिक चालवतोय, गिअरबॉक्सला वेगळी पट्टी असते हे आज कळलं. बॉनेट उघडून बघितलं तर आमच्या गाडीला नाहीच!

अदालतवाडा

बऱ्याच नव्या गाड्यांना नसते. खालून एक बोल्ट असतो, ठरावीक तापमानाला तो उघडून तेल बाहेर झिरपतं का यावरून पातळी ठरते. ते घरी करायचं काम नव्हे.

खंबाटकी

स्टॉल टेस्ट करा ना सरळ. ब्रेक पूर्ण दाबून डी मध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला, काटा कुठं थांबतो बघा. कंपनीच्या आकड्यापेक्षा वर गेला तर आत घसरतंय. डी आणि आर दोन्हीत वर गेला तर मूळ दाबच कमी, फक्त डी मध्ये गेला तर गाडी पुढं नेणाऱ्या गिअरचा गठ्ठा. पाच मिनिटांत निकाल.

दहाबाराचा पाना

खंबाटकी, टेस्ट खरी आहे आणि अर्थही बरोबर सांगितलात. पण पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरली तर कन्व्हर्टरमधलं तेल उकळायला लागतं. तेल कमी असलेल्या जुन्या गिअरबॉक्सवर तर ती करूच नये, थोडंफार राहिलेलं असेल तेही जाईल. आणि ब्रेक सुटला तर समोरची भिंत. घरी नाही म्हणजे नाही.

गोडोलीकर

काका, तुमचे पाय धरायला हवेत.

गॅरेजमध्ये फोन करून विचारलं. पट्टी सकाळी, गाडी थंड आणि इंजिन बंद असताना बघितली होती. आज संध्याकाळी वाढे फाट्यापर्यंत जाऊन आलो आणि तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. बाबा सीटवर ब्रेक दाबून, मी बॉनेटमध्ये बॅटरी घेऊन. पहिल्यांदा पट्टी काढली तर टोकालाच जेमतेम तेल, 'हॉट' तर सोडाच, 'कोल्ड'च्या खुणेच्याही खाली. चूक झाली असेल म्हणून तीनदा बघितलं. तीनही वेळा तेच.

टिश्यूवरचा थेंब तपकिरी आहे, काळा नाही. वास जुनाट आहे, पण जळका म्हणता येईल असा नाही. हिंगाच्या रिकाम्या डबीसारखा काहीतरी. बाबांनीही हुंगून बघितलं आणि "अजून जीव आहे" म्हणाले.

मिरजकर

तेल कमी म्हणजे गेलं कुठं? गिअरबॉक्स काय तेल जाळत नाही इंजिनासारखं.

दहाबाराचा पाना

आता कसं बोललात मिरजकर! कमी झालंय म्हणजे गळतंयच, दुसरी वाटच नाही. गोडोलीकर, आज रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा. फ्रिज किंवा टीव्हीचा खोका मिळाला तर उत्तम. चाकांच्या जागा पेनानं आखून ठेवा. सकाळी डाग कुठं पडलाय बघा. चाकाच्या आतल्या बाजूला असेल तर अ‍ॅक्सलचं सील. मधोमध असेल तर चेंबरचं पॅकिंग किंवा ड्रेन नटचा वॉशर. अगदी पुढं, बंपरच्या मागं असेल तर कूलरचे होज पाइप. आणि तोवर गाडी चालवू नका. कुठं न्यायचीच झाली तर चारही चाकं वर घेणाऱ्या क्रेनवर न्या, पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका. इंजिन बंद असलं की पंप बंद, आत तेल फिरत नाही आणि गिअर कोरडे फिरतात.

पेढेघाट

पुठ्ठ्याचा निकाल लागेपर्यंत कुणी झोपू नये. काकांचं मानधन म्हणून गोडोलीकरांनी कराडला कंदी पेढे पोचते करावेत असा ठराव मांडतो.

स्मिता वाई

अनुमोदन.

शाहूपुरी

+१. राजवाड्यापाशी घ्या.

कृष्णाकाठ

पेढ्यांआधी एक महत्त्वाचं. तेल कुठलं घालणार ते ठरवा. "ऑटोमॅटिकचं ऑइल" म्हणून दुकानदार जे देईल ते घेऊ नका. होंडाला पूर्वी झेड-१ जायचं, नंतर त्याजागी डीडब्ल्यू-१ आलं. त्या काळच्या ह्युंदाईच्या ४ गिअरवाल्यांना एसपी-३ लागतं. टोयोटाच्या काहींना टी-४, नंतरच्यांना डब्ल्यूएस. यांचं घर्षण वेगवेगळं असतं. चुकीचं तेल पडलं तर चांगला गिअरबॉक्सही घसरतो किंवा गिअर बदलताना थरथरतो.

गोडोलीकर

पट्टीच्या मुठीवरच ग्रेड लिहिलेला सापडला. पुस्तकाशी जुळतोय.

आणि पुठ्ठा: पुढं, डाव्या बाजूला, बंपरच्या मागं, रुपयाच्या नाण्याएवढे तीन डाग. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढलं तर त्याच्या आत तेल साचून वर धूळ बसून चिखल झाला होता. म्हणूनच जमिनीवर कधी फारसं दिसलं नाही, सगळं कव्हरच पीत होतं. होज पाइप जिथं रेडिएटरला मिळतो तिथली क्लिप सैल आणि पाइपचं टोक कडक होऊन चिरलेलं. नखानं दाबलं तर काळा तुकडा हातात आला. एवढाच, तांदळाच्या दाण्याएवढा.

खंबाटकी

जबरदस्त. ७० हजाराच्या जागी एक पाइप!

दहाबाराचा पाना

थांबा, अजून पेढे वाटू नका. कमी तेलावर गाडी किती दिवस चालली, प्लेटांनी किती सोसलं, ते अजून कळायचंय. पाइप दोन्ही बदला, एक चिरला म्हणजे दुसराही त्याच वयाचा आहे. मग तेल बदला.

अदालतवाडा

काका, इथं मला शंका आहे. जुन्या ऑटोमॅटिकचं तेल बदललं की ती कायमची बसते, असं मी अनेकांकडून ऐकलंय. नुसतं भरून घेतलेलं बरं नाही का?

दहाबाराचा पाना

हे शारजातही रोज ऐकायचो. त्यात अर्धं खरं आहे. प्लेटा पूर्ण झिजलेल्या असतात, त्यांची भुकटी तेलात असते आणि त्या भुकटीनंच थोडी पकड राहिलेली असते. अशा गिअरबॉक्सचं तेल बदललं की तो बसतो. पण तो आधीच मेलेला होता, तेल बदलल्यानं फक्त उघडकीला आला. दुसरं कारण मशीनचं फ्लशिंग: जोरानं तेल फिरवलं की कोपऱ्यातली घाण सुटून व्हॉल्व्हमध्ये अडकते. म्हणून जुन्याला मशीन लावायचं नाही.

तुमचा थेंब काळा नाही, त्यामुळे बदलायचं. ड्रेन नट खोलायचा, निघेल तेवढं काढायचं, मोजायचं, तेवढंच नवीन भरायचं. एका खेपेला निम्म्याहून कमी निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. एकूण ६ लिटर धरा आणि २.७ निघालं, तर पहिल्या खेपेला ४५ टक्के नवं, दुसरीला ७० टक्के, तिसरीला ८३ च्या आसपास. दोन खेपांच्या मध्ये दोन-तीनशे किलोमीटर चालवा. आणि चेंबर उतरवून आतलं लोहचुंबक बघा. त्यावर राखाडी मलमासारखं बारीक असेल तर ते वयाचं, घाबरायचं नाही. चकचकीत तुकडे किंवा किरचा बोटाला टोचल्या तर मात्र मग मलाही ७० हजारच सांगावे लागतील.

स्मिता वाई

मध्येच येते. आमच्या पसरणी घाटात उतरताना बरेच ऑटोमॅटिकवाले डी मध्येच ठेवून पायथ्यापर्यंत ब्रेक दाबत येतात. मागून लायनिंगचा वास येतो. गोडोलीकर, तुमचे बाबा उतारावर दांडा २ वर घेतात ना?

गोडोलीकर

घेतात ताई, उतारावर अगदी शिस्तीत. पण चढावर अदालतवाड्यांनी तुम्हाला सांगितलेली सवय त्यांनाही आहे. कासच्या हंगामात गाड्यांची रांग लागली की ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवरच गाडी धरून ठेवतात. काल विचारलं तर म्हणाले, "उजवा पाय सारखा हलवायला नको म्हणून." कन्व्हर्टरचं तेल त्यानं तापतं हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुढं काही बोलले नाहीत.

गोडोलीकर (अकरा दिवसांनी)

सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रत्येकाचा यात हात आहे.

दुसऱ्या गॅरेजमध्ये, माझ्या देखत काम केलं. दोन्ही पाइप, चार क्लिपा नव्या. चेंबर उतरवलं, चुंबकावर राखाडी मलम, बोटानं पुसून बघितलं, एकही कीस नाही. फिल्टर आणि पॅकिंग बदललं. पहिल्या खेपेनंतरच रिव्हर्स सकाळी लगेच धरायला लागला. तो आवाज आणि तो हलका धक्का ऐकून बाबा गाडीतून उतरलेच नाहीत, अंगणातच तीनदा पुढं-मागं केली.

पण दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना, गाडी चांगली तापल्यावर, किंचित घसरण तिसऱ्या खेपेनंतरही राहिली. आधी दोन-तीन सेकंद होती, आता अर्धा. स्कॅनर लावला तर कोड पी०७३३. पुसला, ४० किलोमीटरनं परत आला.

दहाबाराचा पाना

पी०७३३ म्हणजे संगणकाला तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळेना. आत जाणारा आणि बाहेर येणारा वेग मोजून तो हिशोब करतो. तीन कारणं: वेग मोजणारा सेन्सर, तिसऱ्या गिअरला तेल सोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), किंवा त्या गठ्ठ्याची झीज. याच क्रमानं बघा, स्वस्तापासून. सोलेनॉइडचा रोध मल्टिमीटरनं थंड असतानाही मोजा आणि गरम असतानाही, फरक तापल्यावरच सापडतो. अशा बऱ्याच गिअरबॉक्सात तो चेंबर आणि व्हॉल्व्ह बॉडीच्या बाजूनं बदलता येतो, गिअरबॉक्स गाडीतून उतरवावा लागत नाही.

गोडोलीकर (आणखी आठवड्यानं)

सेन्सर ठीक निघाला. थंड असताना चारही सोलेनॉइड सारखे. गरम झाल्यावर तीन सारखे, एकाचा आकडा उड्या मारतोय. फिटरनं मीटर माझ्याकडे वळवून धरला होता. आकडा स्थिर होईचना, वायर हलवली तरी नाही, न हलवली तरी नाही. तो एक बदलला, संगणकाची जुनी शिकवण पुसली. पाइप, तेल, फिल्टर, सोलेनॉइड, मजुरी सगळं मिळून १९ हजार ४००.

काल बाबांनी स्वतः यवतेश्वर चढवली, मी शेजारी. त्याच वळणावर दोघंही गप्प होतो. काटा अडीच हजारावर गेला, तिसरा पडला आणि गाडी ओढत राहिली. वर पोचल्यावर रांगेत थांबलो तेव्हा त्यांचा पाय ब्रेकवर होता. मी मुद्दाम खाली बघितलं.

परत येताना एकदा हलकं काहीतरी जाणवलं, कदाचित माझ्या मनाचं असेल. ५ हजार किलोमीटरवर परत पट्टी आणि टिश्यू बघणार आहे. पुठ्ठा अजून अंथरलेलाच आहे, आज सकाळपर्यंत कोरडा.

काका, शनिवारी कराडला येतोय, बाबांबरोबर, याच गाडीनं. पेढे घेऊन.

दहाबाराचा पाना

या. येताना मध्ये कुठं चहाला थांबलात तर इंजिन बंद करायच्या आधी पट्टी बघा, मला आकडा सांगा.

मिरजकर

आणि काढलेलं जुनं तेल कुठं टाकलंत? गटारात नका ओतू, नदीला जातंय.

गोडोलीकर

नाही ओतलं. आठ लिटर डब्यात भरून ठेवलंय. गॅरेजवाल्यांकडं जुन्या तेलाचं पिंप आहे, सोमवारी तिथं देतो.